खब्बूकाका आणि त्यांची उलटी गिटार

खब्बूकाका प्रसाद तेवढा उजव्या हातात घ्यायचे, बाकी सगळं डाव्या हातानं. कुणी हात मिळवायला उजवा पुढे केला की हे डावा पुढे करायचे आणि समोरचा गोंधळला की मनापासून खूश व्हायचे. "देवाशी माझं भांडण नाही," असं ते म्हणायचे. "त्यानंच मला असा बनवून पाठवला. माझं भांडण वस्तू बनवणाऱ्यांशी आहे."

जबलपुरात डावखुऱ्याला खब्बू म्हणतात. काकांचं खरं नाव वसंत, पण जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत ते नाव फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीला आणि मंगलाकाकींना ठाऊक होतं. आमची घरं समोरासमोर. माझे बाबा आणि ते एकाच डिफेन्स फॅक्टरीत. बाबा स्टोअरमध्ये आणि काका टूलरूममध्ये, लेथ मशीनवर. दोघांचीही मुळं अमरावतीकडची, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. काका मात्र दोन्ही भाषा एकाच वाक्यात घालून मोकळे व्हायचे, आणि 'पाहा'ला वऱ्हाडी थाटात 'पाय' म्हणायचे.

वस्तू बनवणाऱ्यांविरुद्धची त्यांची तक्रार पाठ व्हावी इतक्या वेळा मी ऐकली आहे. कात्री त्यांच्या हातात कापड कापायची नाही, चघळायची. बँकेत साखळीला बांधलेलं पेन नेमकं उजव्या बाजूला. लेथचं मशीन बंद करायचं बटण उजव्या हाताशी. लहानपणी शाळेत मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारून मारून उजव्यानं लिहायला लावलं होतं, आणि काका घरी येऊन तोच धडा डाव्या हातानं पुन्हा लिहून काढायचे. ही सगळी यादी संपली की ते खुर्चीवरून उठायचे, आतल्या खोलीत जायचे आणि ती घेऊन यायचे.

"या एवढ्या दुनियेत माझ्या हातासाठी बनलेली एकच वस्तू आहे, मिनू. पाय."

ती म्हणजे चार जाड तारांची एक जुनी बास गिटार. गडद लाल रंग, कोपर टेकतं तिथे उडालेला. माथ्यावर एका अमेरिकन कंपनीची छोटी धातूची पट्टी. खुंट्या, तारांचा क्रम, खालची खाच, सगळं डाव्या हातानं वाजवणाऱ्यासाठी. गल्लीत तिला सगळे 'उलटी गिटार' म्हणत आणि काका दरवेळी न चुकता दुरुस्त करत, "ती सुलटी आहे. तुम्ही उलटे आहात."

ती त्यांच्याकडे आली ते फॅक्टरीत अप्रेंटिस असताना. सराफ्याच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या बँडवाल्याचं दुकान होतं. तिथे तुताऱ्या आणि ढोलांच्या मध्ये ती भिंतीवर लटकत होती, वर्षानुवर्षं, कारण कुणालाच ती धरता येत नव्हती. काका सायकल टेकवून आत गेले, सहज खाली काढली आणि गळ्यात अडकवली. "मी हात ठेवला तर हात जिथं पडायला पाहिजे तिथंच पडला," हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही चढायचा. "जिंदगीत पहिल्यांदा! मी म्हटलं, भैया, ये मेरी है." बँडवाल्यानं बदल्यात सायकल मागितली. काकांनी ती तिथेच सोडली आणि त्यानंतर वर्षभर पायी फॅक्टरीत गेले.

कुणाकडून शिकले नाहीत. रेडिओवर गाणं लागलं की त्याच्या तळाशी चालणारा सूर शोधत बसायचे. "गाणारा सगळ्यांना ऐकू येतो," असं ते म्हणायचे. "खालून जो धरून ठेवतो ना, त्याला शोधावं लागतं." गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ते नेहमी मागे, ढोलकीवाल्याच्या शेजारी उभे असायचे. फोटोंमध्ये फक्त त्यांचं डावं कोपर यायचं.

वस्तू जपायची त्यांची रीत जगावेगळी होती. गिटारला कव्हर नाही, कुलूप नाही, पेटी नाही. काकींच्या जुन्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यानं रोज पुसायची आणि रोज वाजवायचीच. "वस्तूला हाताचा घाम लागला पाहिजे, नाहीतर ती रुसते." नव्या तारा जबलपुरात मिळत नसत. मग तारा मंदावल्या, की ते त्या काढायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात उकळायचे. उकळल्यावर मळ निघून तारांचा आवाज पुन्हा खणखणीत व्हायचा. पण ते पातेलं नेमकं वरणाचं असायचं. काकी ओरडायच्या, "अहो, माणसं जेवतात त्याच्यात!" काका झाकण उघडून डाव फिरवत म्हणायचे, "मंगल, दोन शिट्ट्या झाल्या की सांग."

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

मी शाळेत फिजिक्स शिकवते. चारेक वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्या गिटारचे फोटो काढून जुन्या वाद्यांच्या एका ऑनलाइन गटावर टाकले. काकांची थोडी हौस होईल, इतकाच विचार. तिसऱ्या दिवशी मला बेंगळुरूहून एका संग्राहकाचा फोन आला. सभ्य, अभ्यासू माणूस होता. म्हणाला, त्या काळात डाव्या हाताच्या बास मोजक्याच बनल्या. ही अस्सल असेल तर देशात दुसरी नसेल. मी धावतच समोरच्या घरी गेले. काका कांदे चिरत होते. मी सांगितलं तसे ते सुरी घेऊनच उभे राहिले.

"विकायची नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "पण येऊ दे त्याला. लेखी देऊ दे की अस्सल आहे म्हणून. चाळीस-पन्नास वर्षं लोकं मला उलटी गिटारवाला म्हणून राहिले."

तो दहा दिवसांनी आला. त्या दहा दिवसांत काकांनी घराला रंग द्यायचा तेवढा बाकी ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. जबलपूरजवळच्या पाटणहून काकींचे भाऊ मुद्दाम आले. तो दिवस उजाडला तेव्हा बैठकीच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण कोंबून बसलो होतो, आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध.

पाहुण्यानं छोटी बॅटरी काढली आणि एकेक भाग बघू लागला. खुंट्या बघितल्या, मान डोलावली. माथ्यावरची पट्टी बघितली, पुन्हा डोलावली. मग गिटार उचलली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "फार जड आहे," तो हिंदीत म्हणाला. "अंकल, दांडी और बॉडी का जोड़ खोलना पड़ेगा. कंपनी का निशान अंदर होता है."

तो सांधा काकांनी कधीच उघडला नव्हता. ते उठले, आतून स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर आणला. "दुसऱ्याच्या हातानं नाही," म्हणाले. मागचे चार स्क्रू त्यांनी डाव्या हातानं एकेक करून सोडवले. दांडी अलगद सुटून हातात आली.

आत कंपनीचा शिक्का नव्हता. पाहुण्यानं बॅटरी जवळ नेली. आतल्या उघड्या लाकडावर पेन्सिलीनं, तिरक्या सुबक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्या मोठ्यानं वाचल्या आणि मराठीत सांगितल्या: 'माझ्या डोरीनसाठी, जी सगळं दुसऱ्या हातानं करते. तुझा पपा.'

पाहुणा हळूच बोलला, पण त्यानं काही लपवलं नाही. लाकूड सागवान आहे आणि ती अमेरिकन कंपनी सागवानाची गिटार बनवत नाही. खुंट्या, पट्टी आणि विजेचे भाग कुठल्या तरी मोडक्या अमेरिकन बासचे आहेत, पण दांडी आणि धड घरी, हातानं बनवलेलं आहे. "कलेक्शन के हिसाब से इसकी कोई वैल्यू नहीं, अंकल. सॉरी." त्याला खरंच वाईट वाटत होतं. चहा अर्धा ठेवून तो स्टेशनवर गेला. पाटणचे मामा खाकरले. एकेक जण उठू लागला. माझ्या मनात एकच होतं, की हे सगळं माझ्यामुळे झालं.

"काका," मी म्हटलं, "माझं चुकलं. मी ते फोटो..."

त्यांचं लक्षच नव्हतं. ते दांडीच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवत होते, मागे-पुढे, मागे-पुढे. मग ते एकदम ओरडले, "मंगल! इकडं ये! लवकर ये!"

काकी पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या.

"रंदा मारलाय हा! हाताचा रंदा! पाय, हे पाय, इथं लाकडाची रेषा उलटी गेली तर त्यानं दिशा बदलली. बाप्पा! सागवान आहे हे, लोखंडासारखं असते. आणि ही गोलाई पाय." त्यांनी माझा हात ओढून दांडीवर ठेवला. "मी सगळी उमर फॅक्टरीत काढली, मिनू. एका नमुन्याचे हजार पीस आम्ही काढतो. हजारातला एक कोणाला गेला, कोणाला मालूम? आणि हे? एका माणसानं, एका पोरीसाठी, एक! काहून रडून राहिली तू? अस्सल निघाली ना ही! त्या कंपनीपेक्षा अस्सल!"

जायला निघालेले लोक परत बसले. काकांनी त्या दिवशी दांडी जोडलीच नाही. जो येईल त्याला ती दोन ओळींची जागा दाखवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते आमच्या पायरीवर बसले होते. चेहरा वेगळाच. "एक गोष्ट मला काल सुचलीच नाही," ते म्हणाले. "ही माझ्या हातासाठी नव्हती बनली. त्या पोरीच्या हातासाठी बनली होती." मग म्हणाले, "ती कुठं असेल?"

झालं. त्यानंतर तीन आठवडे काका स्कूटर चालवत होते आणि मी मागे. बँडवाल्याचं दुकान कधीच बंद झालेलं. पण डोरीन नाव आणि इंग्रजी अक्षरं यावरून आम्ही रेल्वेच्या जुन्या अँग्लो-इंडियन वस्तीपासून सुरुवात केली. रविवारी चर्च सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. एका आजोबांनी सांगितलं, डोरीन नावाच्या दोघी आहेत.

पहिल्या डोरीनबाईंनी आम्हाला प्रेमानं आत घेतलं, केक दिला आणि स्वतः चहाचा कप उचलला. काकांनी मला कोपरानं ढोसलं. "उजवा. ही नाही," असं कुजबुजले. तरी आम्ही केक संपवून निघालो.

दुसऱ्या डोरीनबाई कुठल्याशा हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या बाजारातून येऊन कुलूप उघडत होत्या. पिशवी उजव्या हातात आणि किल्ली डाव्या.

"हीच!" काका रस्त्यातच ओरडले. "मिनू, हीच!"

बाईंनी वळून पाहिलं. काकांनी पाठीवरची चादरीत गुंडाळलेली गिटार सोडवली आणि पुढे धरली. बाईंच्या हातातली पिशवी खाली गेली, बटाटे पायऱ्यांवरून घरंगळले.

"ये किधर से लाया तुम?" त्या म्हणाल्या. "ये तो पपा का है."

आत बसल्यावर काकांनी आपलं खरं नाव सांगितलं, मग त्यांनी सगळं सांगितलं. वडील रेल्वेत सुतार. डोरीन पंधरा वर्षांची असताना तिला बास वाजवायची होती आणि मिळेल ती गिटार तिच्या हाताला उलटी पडायची. कलकत्त्याहून त्यांनी एक मोडकी बास आणली, तिचे धातूचे भाग काढले आणि बाकी सगळं सागवानात नव्यानं घडवलं. पूर्ण हिवाळा लागला. पुढे ती नर्सिंग शिकायला कलकत्त्याला गेली, मागे वडील वारले आणि भावानं घरातलं सामान विकून टाकलं. परत आली तेव्हा गिटार नव्हती. "मैंने भाई से छह साल बात नहीं किया," त्या म्हणाल्या. आत काही लिहिलेलं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. पपांनी कधी सांगितलं नव्हतं.

काकांनी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. "आपकी है," ते म्हणाले. "मैंने बस सँभाल के रखी." त्यांचा आवाज नीट होता, पण दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबलेले होते. मला एकाएकी कळलं, की हा माणूस आता रिकाम्या पाठीनं घरी जाणार आहे, आणि तसं ठरवूनच तो आला आहे.

डोरीनबाईंनी डावा हात तारांवर ठेवला. तो बरोब्बर पडला. पण उजव्या हाताची बोटं सांध्यांत वाकडी झालेली, जाड तार दाबली जाईना. दोन-तीन सूर निघाले, मग नुसतीच खरखर. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "मुझे वो लिखा हुआ दिखाओ."

काकांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. पुन्हा ते चार स्क्रू. बाईंनी चष्मा लावला, खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात ते लाकूड धरून उभ्या राहिल्या. आम्ही त्यांच्याकडे न बघता बटाटे गोळा केले.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पेन्सिल होती. टेबलाशी बसून, डाव्या हातानं, वडिलांच्या ओळींखाली त्यांनी सावकाश एक ओळ लिहिली आणि लाकूड काकांपुढे सरकवलं. इंग्रजीतच होती ती: 'आणि वसंतसाठी.'

"अब तुम्हारे लिए भी बना है," त्या म्हणाल्या. "मेरा हाथ नहीं चलता. पपा ने बजाने को बनाया था, मॅन, देखने को नहीं. लेकिन इतवार को इधर आके बजाना पड़ेगा. पक्का?"

एरवी काकांना थांबवता थांबवता आमची पुरेवाट व्हायची. त्या दिवशी त्यांनी फक्त मान हलवली. मग, स्कूटरचं स्टँड नीट लागलंय का बघतो, असं सांगून बाहेर गेले आणि बराच वेळ बाहेरच राहिले.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं, एकही रविवार न चुकवता, काका दुपारी चारला त्यांच्याकडे जायचे. मीही पुष्कळदा गेले. बाई पियानोवर एका बोटानं गाणं सांगायच्या, काका खालचा सूर धरायचे. चुकले की बाई टेबलावर थाप मारायच्या, "स्लो! ट्रेन नहीं पकड़ना है!" काकींनीही एक दिवस येऊन बघितलं आणि मग त्या दर रविवारी दोघांसाठी डब्यात सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, पाठवू लागल्या. नाताळात चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा बाईंनी काकांना मागे उभं राहू दिलं नाही. थेट मधोमध खुर्ची. पहिल्याच गाण्यात तो सूर घुमला तशी हॉलच्या खिडक्यांची तावदानं थरारली, पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी टाळ्या देऊ लागली आणि डोरीनबाई उभ्या राहून शेजारणीला ओरडून सांगत होत्या, "माय डॅडी मेड इट! माय डॅडी!" मी इतकं ओरडले की दुसऱ्या दिवशी वर्गात माझा आवाज निघेना.

गेल्या वर्षी काकींचे गुडघे फारच दुखू लागले आणि मुलगा दोघांनाही नागपूरला घेऊन गेला. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. सामान कुलीनं चढवलं, गिटार काकांनी कुणाला उचलू दिली नाही. डोरीनबाई काठी टेकत आल्या होत्या. निघताना काकांनी डावा हात पुढे केला, त्यांनीही डावा. दोघं हात मिळवून हसत उभे राहिले, गार्डची शिट्टी होईपर्यंत. गाडी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "चलो, अब इतवार को तुम आओ. बजाना नहीं आता तो क्या, बैठ तो सकती हो." मी जाते.

महिनाभर काकांचा फोन नव्हता. मला वाटलं, नागपुरात मन रमत नसेल. मग एका रविवारी दुपारी, मी बाईंच्या घरी असतानाच, तो आला.

"मिनू! अगं इथं सोसायटीत एक तबलेवाला भेटला! आणि एक हार्मोनियमवाली! आम्ही तिघं करून राहिलो प्रॅक्टिस. थांब, ऐकवतो. बाईंनाही ऐकव. फोन ठेवू नको!"

मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. पलीकडे खुर्ची सरकली, कुणी तरी एक-दोन-तीन म्हटलं आणि ते वाजवू लागले. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर येत नाही. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते. आम्हाला हार्मोनियम ऐकू येत होती, तबला ऐकू येत होता आणि त्यांच्यामध्ये जाड तारांवर बोटं पडल्याची नुसती कोरडी टकटक.

डोरीनबाईंनी डोळे मिटले होते. त्या डाव्या हातानं टेबलावर ठेका धरत होत्या.

"येऊन राहिलं का ऐकायला?" काकांनी दम लागलेल्या आवाजात विचारलं. "खालचा सूर येते का?"

"येतोय, काका," मी म्हटलं. "थांबू नका."